जगदेवीच्या मापाची बंदूक

आमच्या घरात बंदूक येणार ही बातमी उदगीरच्या आमच्या गल्लीत पसरली, तेव्हा दोन तर्क निघाले. एक, भागवत बियाणेवाल्याला, म्हणजे मला, कुणीतरी धमकी दिली. दोन, भागवत नगरपालिकेला उभा राहतोय. बंदूक भागवतची नसून भागवतच्या बायकोची आहे, आणि ती कुणाला मारायला नसून हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायला आहे, हा तिसरा तर्क कुणालाच सुचला नाही. सुचला असता तरी पटला नसता. मलाच पटायला वर्ष लागलं.

माझी बायको जगदेवी चाकूर तालुक्यात कृषी सहाय्यक आहे. वय एक्केचाळीस, उंची पाच फूट, तीही चपला घातल्यावर. रोज एसटीनं जाते, बांधावर उभी राहून सोयाबीनच्या खोडमाशीवर बोलते, आणि मिशीवाले बागायतदार मान खाली घालून ऐकतात. आपलं चुकलं असं म्हणायची तिला सवय नाही, कारण ती फारशी चुकत नाही. हे मी नवरा असून लिहितोय, म्हणजे बघा.

कॉलेजात असताना लातूरला एनसीसीत तिनं रायफल धरली होती. मग लग्न, नोकरी, पोरगी, आणि मधली अठरा वर्षं. तीन वर्षांपूर्वी खात्याच्या प्रशिक्षणाला नांदेडला गेली असताना शहराबाहेरच्या माळावर तिला बार ऐकू आले. चौकशी करायला म्हणून गेली ती तिथलीच झाली. निवृत्त सुभेदार सटवाजी तिथं नेमबाजीचा छोटा क्लब चालवतात. खड्ड्यातलं यंत्र बशीएवढी तबकडी भिरकावतं, ती दोन सेकंदांत लांब जाते, तेवढ्यात छऱ्यांनी ती फोडायची. एका तबकडीला दोन बार मिळतात. पहिल्याच दिवशी तिनं दहातल्या चार फोडल्या, आणि तेव्हापासून आमचे रविवार नांदेडला गेले.

गाडी अडली ती पंधरावर. पंचवीस तबकड्यांत चौदा, पंधरा, फार तर सोळा. दोन वर्षं हेच. सुभेदार मनानं चांगले, पण एकदा मत बनवलं की बदलत नाहीत. ते म्हणायचे, "ताई, हात चांगला हाय तुमचा. डोळा कमी पडून राहिला." मी तिला लातूरला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं नेलं, एकदा नाही, दोनदा. दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले, नजर उत्तम आहे. तरी परतताना मी म्हणालो, "वयानं होतं गं असं." त्या दिवशी भाजीत मीठ नव्हतं, आणि ते विसरून राहिलेलं नव्हतं.

क्लबात लोह्याकडची राजकन्या नावाची एकोणीस वर्षांची मुलगी यायची. जगदेवीएवढीच उंच. तीही पंधरावर अडकलेली. दिवाळीआधी सुभेदारांनी तिला सांगून टाकलं की तुझा डोळाच कच्चा, उगाच बसभाडं घालू नको. ती यायची थांबली. जगदेवीला हे फार लागलं. दोन महिने ती पोळ्या लाटता लाटता त्या पोरीचा विषय काढायची.

"डोळा न्हाई हो, बंदूक," ती म्हणायची. "क्लबची बंदूक सहा फुटी गड्यासाठी केलेली. ती माझ्या खांद्याला लागतच न्हाई."

मी मान हलवायचो. मनात म्हणायचो, नाचता येईना ते हेच.

शेवटी दोन वर्षांच्या फेऱ्यांनंतर तिचा परवाना हातात आला. महिनाअखेरपर्यंत बंदूक विकत घेतली नाही तर तो रद्द होणार होता. पुढच्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी क्लबची निवड चाचणी होती: पंचविसात वीस फोडणाऱ्या बायका राज्य स्पर्धेला जाणार. सुभेदारांनी स्पष्ट सांगितलं होतं की यंदा वीस झाल्या नाहीत तर जागा नव्या पोरींना द्या. म्हणजे सगळा डाव एका बंदुकीवर आला होता. जगदेवी संघात जाणार की नाही हेही तिच्यावर, आणि दोन वर्षं खरं कोण बोलत होतं हेही तिच्यावर.

नांदेडच्या बंदुकांच्या दुकानात आम्ही तिघं गेलो. तिसऱ्या माझ्या सासूबाई, केवळाबाई. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. "पोरगी बंदूक घेऊन राहिली अन् मी घरी बसू का?" एवढं म्हणून त्या गाडीत बसल्या.

दुकानाच्या म्हाताऱ्या मालकांनी आधी स्वस्तातली दुनळी दाखवली, नळ्या शेजारी शेजारी असलेली. जगदेवीनं ती हातातही घेतली नाही. "शेजारच्या नळ्यांवरनं बघताना पुढं रुंद फळी दिसते. मला एका रेघेत बघायचंय. एकीवर एक नळी असलेली दाखवा." मालकांनी तिच्याकडं नीट पाहिलं आणि आतून दोन वापरलेल्या बंदुका आणल्या.

पहिली इटालियन. बाजूच्या पत्र्यावर तित्तर कोरलेले, लाकूड चमकदार. मी जागीच विकला गेलो. दुसरी जुनी रशियन, किंमत पहिलीच्या तिसऱ्या हिश्श्यात. काळपट, जाड लाकडाची, कुठं नक्षी नाही. ती बघून मला माझ्या दुकानामागचं गोदाम उघडायची पहार आठवली.

"इटालियनच घेऊ," मी म्हणालो. "एकदाच घ्यायची हाय."

"बंदूक हाय, लग्नाचा आहेर न्हाई," ती म्हणाली.

तिनं दोन्ही उघडल्या, नळ्यांतून रस्त्याच्या उजेडाकडं पाहिलं, कुठं खड्डा किंवा फुगवटा आहे का ते तपासलं. मग बंद करून नळ्या धरून हलवल्या. दोन्ही घट्ट. नंतर तिनं जे केलं ते बघायला दुकानातली दोन गिऱ्हाइकं जवळ सरकली. तिनं डोळे मिटले, मिटल्या डोळ्यांनी बंदूक खांद्याला लावली, गाल लाकडावर ठेवला आणि मग डोळे उघडले. इटालियन तीनदा. रशियन तीनदा.

"इटालियनला डोळे उघडले की समोर बंदुकीची पाठच दिसते," ती म्हणाली. "नळीच्या टोकाचा मणी दिसत न्हाई. आधीच्या मालकाचे गाल भरलेले असणार, त्यानं वरचं लाकूड तासून घेतलंय."

मालक हसले. "बराबर बोले बाई. भारी बदन के थे."

"अन् रशियनला मणी दिसतो, पण..." ती थांबली.

बाकावरनं सासूबाई म्हणाल्या, "पण मान कशाला लांबवून राहिलीस? खुरपं घेताना बघितलीस न्हाई का मला?"

आता हे सांगायला हवं. सासूबाई बाजारात खुरपं घेतात तेव्हा पात्याकडं बघतही नाहीत. लोहारापुढं पदर खोचून उकिडव्या बसतात आणि रिकाम्या जमिनीवर चार हात खुरपल्यासारखं करतात. मनगट वाकडं झालं की खुरपं परत. लोक हसतात, त्या हसू देतात. पातं घरी घासता येतं, दिवसभर धरायची ती मूठ, असं त्यांचं म्हणणं.

जगदेवीनं पुन्हा रशियन खांद्याला लावली. मान खरंच पुढं गेली. लाकडाचा दस्ता लांब होता, गाल जागेवर जायला तिला लाकडावर रांगावं लागत होतं. तिचा चेहरा उजळला. "माय, हेच! क्लबच्या बंदुकीलाबी हेच होतं!"

"मग ही कशाला घेतेस? हीबी लांबच," मी म्हणालो.

"हिच्यातलं जास्तीचं लाकूड काढता येतं. तिच्यातलं आधीच काढलेलं कुठनं आणू?" तिनं रशियन छातीशी धरली. "अन् वाचतील त्याची काडतुसं. सराव काडतुसानं होतो, तित्तरानं न्हाई."

मी पैसे मोजले. पण खरं सांगतो, परतताना मला भीती वाटत होती. चुकली असती तर तिनं ते कुणाला बोलून दाखवलं नसतं, आतल्या आत मोडली असती.

उदगीरला मन्मथ सुतार आमच्या ओळखीचा. आता दारं-खिडक्या करतो, पण उमर गेली ती नांगराची रुमणी, म्हणजे धरायच्या मुठी, बसवण्यात, प्रत्येक गड्याच्या उंचीनं वेगळी. तो आमच्या अंगणात आला, रिकाम्या बंदुकीकडं नमस्कार करून बघितलं आणि जगदेवीला धरायला सांगितलं. तिनं धरली. त्यानं टेप काढलाच नाही.

"अक्का, साडीवर मारतेस का?"

"न्हाई, जाड जाकीट असतं."

"मग जाकीट घालून ये. कामाच्या कपड्याबिगर माप घेत न्हाई."

जाकीट घातल्यावर मापात पाऊण बोटाचा फरक पडला. मन्मथनं दस्ता सुटा केला, चिलफा निघू नये म्हणून चिकटपट्टी गुंडाळली आणि एक बोट जाड चकती कापली. पुन्हा जोडला, पुन्हा धरायला लावली. आणखी अर्धं बोट. मी म्हणालो, अजून थोडं काढ की. तो करवत खाली ठेवत म्हणाला, "साकु, साकु. पुरे झालं. गेलेलं परत येत न्हाई, भागवतराव." मग त्यानं मागची रबराची गादी बसवली. दोन चकत्या जगदेवीनं पुसून जाकिटाच्या खिशात घातल्या. मला वाटलं, आठवण म्हणून.

चाचणीच्या दिवशी माळावर वारा होता. पहिली तबकडी फुटली, काळी भुकटी उडाली. दुसरी फुटली. तिसरी आणि चौथी सलग गेल्या. जुन्या सवयीनं तिची मान पुढं गेली होती. मागनं सासूबाई ओरडल्या, "मान!" सुभेदारांनी वळून पाहिलं, बोलायला बंदी असते. सासूबाईंनी पदर तोंडावर घेतला.

पाचवीपासून जगदेवी वेगळीच दिसायला लागली. बंदूक उचलायची आणि ती जागेवर असायची, बस. शोधाशोध नाही, रांगणं नाही. ती हाक द्यायची, तबकडी निघायची, फुटायची. दहा झाल्या, पंधरा झाल्या. फुटलेल्या वीस झाल्या तेव्हा मी हातातली पाण्याची बाटली सोडून दिली. अजून तीन तबकड्या बाकी होत्या. त्यातल्या दोन तिनं फोडल्या.

पंचविसात बावीस.

सुभेदार कागद घेऊन आले. खुशीत होते, मनापासून. "ताई, डोळा आला की जागेवर! कुणाचं औषध घेतलं?"

जगदेवीनं बंदूक उघडून हातावर टाकली, खिशात हात घातला आणि त्यांच्या तळहातावर लाकडाच्या दोन चकत्या ठेवल्या. मधोमध बोल्टचं भोक.

"एवढंच हो साहेब. डोळा तोच हाय."

सुभेदारांनी चकत्या एकीवर एक ठेवल्या. दीड बोट. त्यांनी ते दीड बोट अंगठ्यानं दोनदा मोजलं. रॅकवरच्या क्लबच्या लांब बंदुकीकडं पाहिलं. त्यांचं हसू हळूहळू गेलं.

"दोन वर्षं मी तुम्हाला..." ते म्हणाले आणि थांबले. मीही मान खाली घातली. लातूरच्या त्या दोन फेऱ्या माझ्याच होत्या.

"माझं राहू द्या," जगदेवी म्हणाली. "माझ्याकडं बंदूक घ्यायला पगार होता. राजकन्याला फोन लावा. क्लबची एक बंदूक तिच्या मापाची करू, माप जाकिटावर घेतात."

सुभेदारांनी फोन काढला, चष्मा वर केला, नंबर शोधला. रिंग वाजत असताना चकत्या त्यांच्या मुठीतच होत्या. पलीकडनं आवाज आला तसे ते, सहा फुटी माणूस, सावधान उभे राहिले.

"राजकन्या, बाळ, सटवाजी बोलतो. माझंच चुकलं. रविवारी ये, अन् येताना तुझं जाकीट घेऊन ये."