शिट्टी न देणारा कुकर

तहसील कचेरीसमोर बसून मी अर्धे आयुष्य लोकांचे अर्ज लिहिण्यात घालविले. शिक्षण सातवीपर्यंतचे, परंतु माझ्या मसुद्यात साहेब लोकांनाही सहसा दुरुस्ती सुचत नसे, हे येथे नमूद करणे मला आवश्यक वाटते. ऐंशीच्या दशकात धाकट्या भावाच्या अमेरिकन पत्नीचे बाळंतपण आले, तेव्हा आम्ही उभयता टेक्सासात, शुगर लँडला त्याच्या घरी गेलो.

भाऊ तेलविहिरीच्या कामावर समुद्रात अडकला होता. बाळंतपण पोट फाडून झालेले. माझ्या पत्नीने केलेला मऊ भात आणि अळिवाची खीर भावजयीच्या घशाखाली उतरेना. अंगावर दूध येईना, आणि बाळ बाटली तोंडात धरीना. आई जेवली नाही तर दोघांनाही परत दवाखान्यात आणा, असे डॉक्टरीणबाईंनी फोनवर बजावले होते.

दुपारी भावजय म्हणाली, माहेरी करतात तसा गोमांसाचा स्ट्यू, म्हणजे भाज्या घातलेला रस्सा, मिळाला तर खाईन. गोमांस फ्रीजमध्ये होते.

"मी गाजर-बटाटे चिरून देईन. त्याला हात लावणार नाही," पत्नी म्हणाली.

"मग करणार कोण?"

"दुनियेचे अर्ज लिहिता ना? लिहा एक देवाला, आणि करा."

मी ते मांस तेलात परतले. मनाची अवस्था सांगण्याजोगी नव्हती. थोरल्या दिराने बाळंतिणीच्या खोलीत पाऊल टाकायचे नाही, ही आमची रीत. म्हणून मी बोळात उभा राहून मोडक्यातोडक्या इंग्रजीत विचारी आणि ती आतून सांगे. कांदा, टोमॅटो, पाणी. आधी मांस शिजू द्या, भाज्या नंतर. कुकरवर वजन ठेवा आणि थोडा वेळ थांबा.

त्यानुसार मी शिट्टीची वाट पाहू लागलो.

वजन डुलू लागले, फसफसू लागले. शिट्टी काही होईना. आत बाळाचे रडणे बसक्या आवाजात चालू होते.

"झाली का?" पत्नीने विचारले.

"नाही."

"गॅस मोठा करा."

मी मोठा केला. वजन थडथडू लागले. मी दोन पावले मागे सरलो, आणि तेवढ्यात करपल्याचा वास आला.

"दादा, किती वेळ झाला?" आतून हाक आली.

"अद्याप शिट्टी झालेली नाही."

मग भिंतीला धरून, पोटाशी उशी दाबून ती स्वतःच स्वयंपाकघरात आली. तिने गॅस बंद केला. "हा कुकर शिट्टी देत नाही, दादा. नुसता डुलतो. सिंकमध्ये ठेवा, वरून गार पाणी सोडा."

मी तो उचलून सिंकमध्ये ठेवला आणि नळ सोडला. वाफ जिरल्यावर झाकण निघाले. तळ काळा पडला होता. तिने वास घेतला, आणि ती टाकून द्या म्हणणार, अशी माझी खात्री झाली.

"खरवडू नका. वरचं दुसऱ्या भांड्यात काढा. पाणी घाला, भाज्या टाका."

भाज्या शिजेपर्यंत ती खुर्चीत डोळे मिटून बसली होती. वाडगा घेऊन पत्नी तिला आत घेऊन गेली. पदर मात्र तिने नाकाला लावला होता. मी बोळातच थांबलो. चमच्याचा आवाज बराच वेळ येत राहिला. बाळ रडत होते, थांबत होते, पुन्हा रडत होते. अंधार पडू लागला तेव्हा थांबले, ते थांबलेच.

पत्नी दारात आली.

"अंगावर लागलाय प्यायला," ती हळू आवाजात म्हणाली. "आता तिथून हला."