एक तक्रार, एक म्हण बाद

फुकट वाटायचं सॉफ्टवेअर बनवायला सहा महिने लागतात, त्यावरची भांडणं मात्र रिटायर होईपर्यंत पुरतात! आम्ही पनवेलच्या चौघांनी असंच एक पॅकेज केलं. कॉम्प्युटर चालू केला की एक म्हण किंवा लग्नगाण्याची ओळ समोर येते. अर्ध्या ओळी नेऱ्याच्या यमुनाआजीच्या. आजी आगरी लग्नांत धवले, म्हणजे लग्नविधीची गाणी, गाते, व्याह्यांना गाण्यातून सोलून काढते. तिच्या ओळी दुसरीकडे कुठेच लिहिलेल्या नाहीत.

जातीवरून टोचणाऱ्या म्हणी आम्ही आधीच काढल्या होत्या, ते योग्यच होतं. पण मग आमच्या नितीनने नियम केला, एक तक्रार आली की ओळ बाद. तिथेच माशी शिंकली.

*

पहिला फोन एका डान्स क्लासवाल्या बाईंचा. "'नाचता येईना, अंगण वाकडं' हा आमचा अपमान आहे!"

मी म्हटलं, "मॅडम, तुमच्या क्लासची फरशी सरळ आहे ना?"

फोन आपटला. म्हण गेली.

*

मग तळोज्याचे एक मॅनेजर. 'नाक दाबलं की तोंड उघडतं' हा म्हणे त्यांच्या केमिकल कारखान्यावर टोमणा! नितीनने पंधरा मिनिटांत म्हण काढली. वास अजून तसाच आहे!

*

आंधळ्यावरच्या सगळ्या म्हणी तर तक्रारीशिवायच गेल्या. माझा मित्र समीर जन्मापासून अंध. तो भडकला. "माझ्या नावाने काढल्यात, मला विचारलंत? तुमच्या एकाही बटणाला नाव नाही, पडद्यावरचं वाचून दाखवणारा माझा स्क्रीनरीडर मुका बसतो. आधी ते करा!"

बटणं अजून तशीच आहेत. लाज वाटते.

*

एका हेडमास्तरांनी नवं, स्वच्छ व्हर्जन वर्गांसाठी घेतलं, फार कौतुक केलं. मग दार लोटून हळूच म्हणाले, "स्टाफरूमसाठी जुनं आहे का?"

*

शेवटची तक्रार उलव्याच्या एका बिल्डरची. "आमच्या समाजाची गावठी भाषा जगाला दाखवू नका." नितीनने आजीच्या सगळ्या ओळी उडवल्या! तक्रार करणारा कोण, तर आजीचाच नातू. माझं डोकंच फिरलं. नितीनला गाडीत कोंबलं आणि नेऱ्याला आजीकडे नेलं. "आता हे तिच्या तोंडावर सांग!"

त्याने मान खाली घालून सांगितलं. आजी म्हणाली,

"काय काय काढलंस? वाच."

नितीन काढलेल्या ओळींचा कागद उघडून वाचत गेला. आजूबाजूच्या बाया जमल्या, पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. वाचून झाल्यावर आजीने हात पुढे केला.

"कागद हितंच ठेव. म्हैन्यानं माज्या त्या नातवाचंच लगीन हाय. मीच गानार हाय, मायकावर."