पुढचा शब्द मीच सांगायचो

दोन हजार आठच्या सुमाराची गोष्ट. पुण्यात जर्मन शिकून मी कळंब्याला घरी परत आलो आणि पुण्याच्याच एका संस्थेनं मला इंटरनेटवरून वर्ग घ्यायचं काम दिलं. तेही तीन महिने चाचणीवर. शेवटी संस्थेच्या मॅडम एक तास ऐकणार आणि मला ठेवायचं की नाही ते ठरवणार. नाही ठेवलं तर शाहूपुरीत दाजींचं, म्हणजे थोरल्या बहिणीच्या नवऱ्याचं, मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान होतंच. दाजी दर रविवारी यायचे आणि चहा पिता पिता म्हणायचे, "पावणं, अजून किती दिस भिंतीशी बोलणार? काउंटर मोकळाच हाय की." माझं डोकं फिरायचं. मला मास्तरच व्हायचं होतं, आणि खरोखरच भिंतीशी बोलल्यासारखं वाटत होतं, म्हणून जास्तच फिरायचं.

पडद्यावर चेहरे नव्हते, नुसती नावं. कोण ऐकतंय, कोण जांभई देतंय, कोण उठून गेलंय, काही पत्ता नाही. लांबच्या माणसाशी बोलताना आवाज चढवायचा ही आमच्या घरची जुनी सवय, फोन आल्यापासूनची. त्यात विद्यार्थी कुणी नागपूरला, कुणी नाशिकला. मी जीव तोडून ओरडायचो. पहिल्याच आठवड्यात एकानं लिहून कळवलं, सर, कान दुखतात. मग शाळेत आम्हाला शिकवलं तसं "सगळ्यांनी एकदम म्हणा" करून बघितलं. प्रत्येकाचा आवाज वेगळ्या वेळी पोचला आणि भाजीच्या सौद्यात उभं राहिल्यासारखा गलका झाला. भारनियमनाच्या वेळा पेपरात छापून यायच्या, वीज मात्र तो पेपर वाचत नसे. एकदा मी अंधारात बसून बराच वेळ क्रियापदं समजावत होतो, बंद पडलेल्या कॉम्प्युटरला नव्हे, स्वतःलाच, कारण राग कुठं काढायचा ते कळत नव्हतं.

दीड महिना झाला तेव्हा मॅडमचा फोन आला. "विद्यार्थी सांगतात, तुमच्या वर्गात सगळा वेळ तुम्हीच बोलता," त्या शांतपणे म्हणाल्या. "विद्यार्थी अडला की थांबा. त्याला शोधू द्या."

फोन ठेवला आणि मी चिडून अंगणात येरझाऱ्या घालायला लागलो. आमच्याकडे कुणी बोलता बोलता अडला तर तिघं जण पुढचा शब्द पुरवतात. परक्या माणसानं पत्ता विचारला तर त्याला गाडीवर बसवून दारापर्यंत सोडतात. अडलेल्या माणसाकडे नुसतं बघत बसणं ही मला माणुसकीच वाटत नव्हती. पण नोकरी हवी होती. दुसऱ्या दिवसापासून मी गप्प बसायचा प्रयत्न केला. कुणी अडलं की मी टेबलाची कड घट्ट धरायचो, ओठ मिटायचो आणि तेवढ्यात शब्द माझ्या तोंडातून निसटलेलाच असायचा. स्वतःचा इतका संताप मला त्याआधी कधी आला नव्हता.

सगळ्यात जास्त अडायची ती पेठ वडगावची एक मुलगी. एका कारखान्याच्या ऑफिसात होती आणि सायबर कॅफेतून वर्गाला बसायची. मी दर तासाची सुरुवात ओळख करून देण्यानं करायचो. माझं नाव अमुक, गाव अमुक, आई काय करते, वडील काय करतात. ती गावापर्यंत छान यायची, आईपर्यंत यायची आणि "माझे वडील" म्हणून थांबायची. मी लगेच "बाउअर" म्हणायचो. बाउअर म्हणजे शेतकरी, गावाकडच्या मुलीचे वडील आणखी कोण असणार. ती "बाउअर" म्हणायची आणि मी पुढच्याकडे वळायचो.

शेवटी तो तास आला. मॅडम ऐकत होत्या. आई नेहमीप्रमाणे दारात बसून मेथी निवडत होती. वीज होती, आवाज नीट येत होता, आणि मी मनाशी ठरवलं होतं की आज जीव गेला तरी तोंड उघडायचं नाही. वडगावच्या मुलीची पाळी आली. नाव, गाव, आई. मग "माझे वडील" म्हणून ती थांबली. मी गप्प. स्पीकरमधून तिच्या कॅफेतल्या पंख्याची घरघर येत होती. दाजींचा काउंटर डोळ्यासमोर आला. तरी गप्प.

आईला ते सोसलं नाही. "बाउअर!" ती दारातून ओरडली. "बाउअर म्हण की गं बाई."

तीन महिने ऐकून तिला तो शब्द पाठ झाला होता. संपलं सगळं, असं वाटलं.

"नाइन," तिकडून मुलीचा आवाज आला. नाही. मग सावकाश, एकेक शब्द वेगळा ठेवत, तिनं जर्मनमध्ये वाक्य पूर्ण केलं. माझे वडील वारले. मी लहान होते तेव्हा.

वारले हा शब्द मी तिला शिकवलेला नव्हता. तिनं तो कुठून तरी शोधून जवळ ठेवला होता. किती दिवसांपासून, कोण जाणे.

तास संपल्यावर बाकीचे गेले आणि मॅडम थांबल्या. "पुढच्या महिन्यापासून तुम्ही कायम," त्या म्हणाल्या. "आज थांबलात ते चांगलं केलंत. आणि दार लावून घेत जा."

मी कॉम्प्युटर बंद केला. ज्यासाठी तीन महिने तडफडलो ते मिळालं होतं आणि मला जागचं उठवेना.

"काय म्हणाली रं ती पोरगी?" आईनं विचारलं. "चुकलं का माझं?"

मी सांगितलं. आईचा मेथीवरचा हात थांबला.

"मग तू रोज तिला शेतकरी म्हणायला लावत हुतास व्हय रं?"