शेवटचं प्रकरण कपाटात

वाचनालयात नोकरी लागली की पुस्तकं कमी होत जातात आणि किस्से वाढत जातात. पुस्तकं लोक नेतात आणि आणून देत नाहीत. किस्से मात्र न मागता आणून देतात. केजच्या एका वाचनालयात मी ग्रंथपाल आहे, आणि माझ्याकडचे निम्मे किस्से रहस्यकथांच्या कपाटापाशी घडलेले आहेत. मी स्वतः रहस्यकथा वाचत नाही. दिवसभर त्याच हाताळल्यावर घरी नेऊन काय करायच्या?

* * *

एकदा कुणीतरी नव्याकोऱ्या कादंबरीच्या पहिल्याच पानावर बॉलपेननं लिहून ठेवलं, 'खून मामानं केलाय.' चार वाचक माझ्याशी भांडून गेले. मग मी उपाय काढला. रहस्यकथा आली की तिचं शेवटचं प्रकरण ब्लेडनं कापायचं, पाकिटात घालायचं आणि कपाटाला कुलूप. बाकीचं पुस्तक वाचून झालं की वाचकानं चिठ्ठीवर खुन्याचं नाव लिहून द्यायचं आणि मग पाकीट न्यायचं. नाव चुकलं तर सगळ्यांना चहा पाजायचा.

तपासणीला आलेल्या साहेबांनी कापलेली पुस्तकं पाहिली आणि मला नोटीस काढतो म्हणाले. जाताना त्यातलंच एक पुस्तक पुरावा म्हणून घेऊन गेले. तिसऱ्या दिवशी त्यांचा फोन, "खून भाच्यानं केलाय ना हो? पाकीट पाठवून द्या!" नोटीस राहूनच गेली.

* * *

भाऊसाहेब म्हणजे जवळच्या एका गावचे माजी सरपंच. त्यांना रहस्यकथांतला इन्स्पेक्टर रेगे आवडतो, कारण रेगेकडे जीप आहे आणि त्याला कुठल्याच कामाला वरची सही लागत नाही. भाऊसाहेबांनी पहिल्याच चिठ्ठीवर सात नावं लिहिली. मी म्हटलं, एकच नाव चालतं.

"आमचं पॅनल हाय," ते म्हणाले. "एखादा तरी निवडून येईलच की."

एकही आला नाही. त्या दिवशी भज्यांचीही सोय त्यांच्याकडून झाली.

* * *

रहीमचाचांचं मोटारसायकलींचं गॅरेज वाचनालयाच्या समोरच आहे. त्यांचा लाडका मेजर कैफ. हा एका पायानं लंगडतो, त्यामुळे कुणाच्या मागे पळत नाही. खुनीच शेवटी त्याच्यापर्यंत चालत येतो. चाचांचं नाव क्वचितच चुकतं. त्यांच्या चिठ्ठीवर अक्षरापेक्षा ऑईलचा अंगठा ठळक असतो.

मी एकदा विचारलं, चाचा, तुम्हाला कळतं कसं?

"जो गिऱ्हाईक गाडी धुवून आणतो, त्याचं इंजन आधी खोलायचं. ऑईल गळतंय म्हणून तर धुतलेली असती. किताबात बी तसंच हाय. लई साफ माणूस दिसला की मी थांबतो."

हे भाऊसाहेबांनी ऐकलं. तेव्हापासून ते बुलेट आधी चिखलातून फिरवतात आणि मग गॅरेजला आणतात.

* * *

गुरुजींनी मला चौथीत शिकवलंय. त्यांचा जीव मोजणीदार भालेरावांवर. हा भालेराव सरकारी नोकरीत जमिनी मोजतो आणि साखळी धरता धरता गुन्हे उलगडतो. बांधावरची माती बघून तो माणूस किती वाजता तिथून गेला ते सांगतो. भाऊसाहेबांच्या शेतावर खरी मोजणी निघाली, तेव्हा खरा मोजणीदार कसा असतो ते बघायला गुरुजी वडापच्या जीपमध्ये दाटीवाटीनं बसून गेले. संध्याकाळी परत आले ते तोंड पाडून.

"अरे, त्यानं आमालाच विचारलं, बांध कुठं हाय म्हणून."

* * *

गुरुजींचं नाव आजवर एकदाही बरोबर आलं नव्हतं. जन्मभर मास्तरकी केलेला माणूस. कुणाचा संशय घ्यायचा तर त्यांच्या जिवावर येतं. एकदा त्यांनी पोस्टमनचं नाव दिलं. पाकीट उघडलं तर खूनच झालेला नव्हता, मेलेला समजलेला माणूस काशीला गेला होता. एकदा माळ्याचं नाव लिहून त्यांनी खाली पुस्ती जोडली, 'पण परिस्थितीमुळे.' माळी निर्दोष निघाला. टपरीवाला तर गुरुजी वाचनालयाची पायरी चढताना दिसले की न सांगता चार कप मांडायचा.

* * *

यंदा गुरुजींच्या मुलानं त्यांना पुण्याला न्यायचं ठरवलं. कायमचं. गुरुजी मला म्हणाले, "जायचं काही वाटत न्हाई, अरुण. पण एक तरी नाव बरोबर यावं न् मग जावं." ते हसत म्हणाले, पण मला वाईट वाटलं. इतक्या वर्षांत या माणसानं आमच्याकडे दुसरं काहीच मागितलेलं नव्हतं.

त्याच आठवड्यात भालेरावांचं नवं पुस्तक आलं. पहिला नंबर गुरुजींना दिला. चाचांनी आणि भाऊसाहेबांनी अजून हातही लावला नव्हता. निघायच्या दिवशी सकाळी गुरुजी पुस्तक संपवून आले. दोघंही येऊन बसले होते. गुरुजींनी चिठ्ठी दिली. 'कंपाउंडर.'

मी कपाटाकडे तोंड करून पाकीट फोडलं आणि शेवटची पानं चाळली. खून मोठ्या वहिनीनं केला होता.

मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही वर्गात गोष्ट वाचून दाखवायचा, आज मी वाचतो. हे नियमात बसत नव्हतं, पण कुणी हरकत घेतली नाही. जिथं वहिनी आली तिथं मी कंपाउंडर वाचत गेलो. वहिनीनं पदरानं घाम पुसला होता, तो मी कंपाउंडरला रुमालानं पुसायला लावला. बांगड्या वाजल्या तिथं खोकलो. पाणी मागितलं, दोन परिच्छेद गाळले आणि शेवटी एकदाच्या कंपाउंडरच्या हातात बेड्या पडल्या.

चाचांनी गुरुजींना मिठीच मारली, पांढऱ्या सदऱ्यावर ऑईलचे दोन पंजे उमटले. भाऊसाहेबांनी माणूस पाठवून हार मागवला. गुरुजींच्या चिठ्ठीवरचा चहा पहिल्यांदाच आमच्याकडून झाला. गुरुजी हार घालून बसले होते, सगळ्यांकडे बघत होते आणि कधी नव्हे ते दोन कप प्यायले. मला बरं वाटलं. खोटं वाचल्याचं काही वाटलं नाही.

दुपारी आम्ही तिघं त्यांना स्टँडवर सोडायला गेलो. सामान वर ठेवलं, खिडकीची जागा मिळाली. कंडक्टरनं डबल बेल दिली तेव्हा गुरुजींनी मला खुणेनं जवळ बोलावलं आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

"वाचलंस झकास," ते म्हणाले. "पण अरुण, जित्या माणसावर आळ नको म्हणून मी कंपाउंडर लिहिला. त्यो दुसऱ्याच प्रकरणात मेलता की रे."