शेवटची पाच मिनिटं

ग्रीन बेमध्ये कुणाचा नवरा गेला की शेजारीपाजारी चीज घातलेल्या मॅकरोनीची भांडी घेऊन येतात, दोन चांगले शब्द बोलतात आणि दारातून निघता निघता हळूच विचारतात, "मग तिकिटांचं काय?" त्यात वाईट वाटून घ्यायचं नसतं. इथे मूल जन्मलं की आधी त्याचं नाव अमेरिकन फुटबॉलच्या सीझनच्या तिकिटांच्या यादीत घालतात, मग बाप्तिस्म्याचं बघतात. तरी नंबर लागेपर्यंत त्याचे केस पांढरे होतात. आर्डिस व्हॅनलॅननकडे अशी दोन तिकिटं होती. एप्रिलमध्ये तिचा रोमन गेला तेव्हा हा प्रश्न अकरा जणांनी विचारला, आणि अकराही जणांना तिने एकच उत्तर दिलं, "भांडं धुऊन परत पाठवते."

आर्डिस चौऱ्याहत्तर वर्षांची, कागदाच्या गिरणीतून निवृत्त झालेली, डाव्या गुडघ्याने अधू आणि जिभेने धडधाकट. रांग एक्केचाळीस, जागा सतरा आणि अठरा. तिथे खुर्च्याबिर्च्या नाहीत, ॲल्युमिनियमचं लांबलचक बाकडं, माणशी हातभर जागा. सप्टेंबरात ती पुरते. डिसेंबरात अंगावर चार-चार थर चढले की कुणालाच पुरत नाही. मधल्या माणसाने खोल श्वास घेतला तर कडेचा पायरीवर जातो.

या बाकड्यावर तिने रोमनबरोबर एक्केचाळीस सीझन काढले आणि एकही सामना शेवटपर्यंत पाहिला नाही. रोमन गाडी लावायचा चुलतभावाच्या अंगणात, आणि सामना सुटला की ती गल्ली गाड्यांनी तुंबायची. म्हणून घड्याळात पाच मिनिटं उरली की तो उठायचा. "चल आर्डिस, गर्दी होईल." पुढे असलो तरी, मागे असलो तरी. एका डिसेंबरात ती दोघं गाडीत बसतात न बसतात तोच मैदानातून अशी गर्जना उठली की काचा थरथरल्या. रोमनने रेडिओ लावला. आपण शेवटच्या चाळीस सेकंदांत जिंकलो होतो. रोमन म्हणाला, "वा! आणि रस्ताही मोकळा मिळाला." आर्डिस त्याच्याशी तीन दिवस बोलली नाही. बाकी माणूस चांगला होता, हे ती कुणालाही सांगेल. पण ते चाळीस सेकंद तिने त्याला कधी माफ केले नाहीत.

तर या वर्षी ती एकटी बसने जायला लागली, आणि प्रत्येक सामन्याला घड्याळ शून्यावर जाईपर्यंत बसायला लागली. नशीब असं की हा सीझन म्हणजे नुसता उजेड होता. सोळा सामन्यांत तीन विजय. तिसऱ्या क्वार्टरलाच लोक उठायचे, आर्डिस बसलेलीच. तिच्या डावीकडचा डॅरिल, तीन माणसांची जागा अडवणारा आणि चार माणसांचं खाणारा, तिला चिडवायचा, "अगं, आता काय बघायचं राहिलंय? प्रेताचं तोंड?"

"तुझं तोंड बघत चाळीस वर्षं काढली, हे काय अवघड आहे?"

नोव्हेंबरात बर्फाळ पायरीवर तिचा पाय घसरला. गुडघा फुटला, बाकी काही नाही. पण डॅरिलने, त्याच चोंबड्याने, तिच्या लेकीला, क्रिसला, ॲरिझोनात फोन केला.

शेवटच्या सामन्याला क्रिस आली ती कागद घेऊनच. तिकिटं क्रिसच्या चुलतभावाच्या नावावर करायचा अर्ज, आर्डिसच्या सहीची जागा मोकळी. "आई, हट्टालाही काही मर्यादा असते. एक्केचाळीस रांगा चढतेस तू. एक दिवस खाली गडगडत येशील."

"मग उतरायचे कष्ट वाचतील."

"ठीक आहे. आज शेवटच्या सेकंदापर्यंत बसून दाखव. मध्ये उठलीस तर तिथेच सही करायची."

"दे तो कागद इकडे," आर्डिस म्हणाली. "आणि पेन्सिल घेऊन ये. पेनातली शाई गोठेल."

उणे अठरा होतं त्या दिवशी. वारा असा की डोळ्यातल्या पाण्याचा गालावर पोचेपर्यंत खडा व्हायचा. आर्डिसच्या अंगावर रोमनचा शिकारीचा नारिंगी कोट, मांडीवर ब्रँडी घातलेल्या कॉफीचा थर्मास. अर्ध्या वेळेलाच आपण एकवीस गुणांनी मागे. डॅरिलसुद्धा गेला, जाताना म्हणाला, "सुंभ जळाला तरी पीळ जात नाही हो बाईचा." आर्डिसने त्याच्या रिकाम्या जागेवर पाय पसरले नाहीत. ते दोन्ही तिने खाली एका ठिकाणी घट्ट रोवून ठेवले होते.

घड्याळात पाच मिनिटं उरली आणि क्रिस उठली. पैजेसाठी नव्हे, तिचं तिलाही कळलं नाही. लहानपणी बापाच्या मांडीवरून ती याच मिनिटाला उठत आली होती. "चल आई, गर्दी होईल."

"बस खाली. आवाजसुद्धा त्याचाच काढलास."

"अगं, सवय..."

"मला राग येतो त्याचा," आर्डिस म्हणाली. "लोकांना वाटतं, मी त्याच्या आठवणीसाठी येते. आठवण येतेच. पण राग येतो. जन्मभर शेवटच्या पाच मिनिटांआधी उठवलं मला. आणि एप्रिलमध्ये स्वतः तसाच उठून गेला. सामना उरला होता अजून. कुठे पोचायचं होतं एवढं?"

क्रिस रोमनच्या जागेवर खाली बसली आणि आईला चिकटली. थर्मासचं झाकण दोघींत फिरलं.

अख्ख्या भागात नऊ माणसं उरली होती. शेवटच्या मिनिटात आपल्या पोरांनी एक टचडाउन केला. त्याचा उपयोग शून्य, तरी तो करणारा धिप्पाड गडी कप जिंकल्यासारखा बर्फात लोळला. नऊ माणसं उभी राहून ओरडली. मग तीन, दोन, एक. हरलो. आर्डिसने टोपी काढून हवेत हलवली.

"जिंकलीस बाई," क्रिस म्हणाली. "आण तो कागद, फाडून टाकते."

आर्डिसने बूट उचलले. खाली तुडवलेल्या बर्फात अर्जाच्या चिंध्या झाल्या होत्या. "पायाखाली घालायचा पुठ्ठा आणायला विसरले होते. पायाला थंडी वाजत होती. पहिल्या क्वार्टरपासून तिथेच आहे."

"म्हणजे मध्ये उठली असतीस तरी सही..."

"पैज तू लावलीस. मी फक्त पेन्सिल मागितली."

क्रिस हसायला लागली, मग डोळे पुसायला लागली, मग पिशवी उचलून उभी राहिली. आर्डिसने तिचा कोट धरून तिला खाली ओढलं.

"घाई कसली? गर्दी जाऊ दे."