दोघींनी भरलेली ओटी

माझी श्रद्धा कधी ढळली नाही. परंतु देवीसमोर उभे राहण्याची लाज वाटावी, असे पाच आठवडे माझ्या आयुष्यात येऊन गेले. ते मी आजवर कोणापाशी पुरते बोलले नाही. आता वय झाले आहे, आणि कृतज्ञता मनातच ठेवून जाणे बरे नव्हे, म्हणून लिहीत आहे.

एकोणीसशे साठच्या दशकातली ही गोष्ट. त्या काळी मी अमरावतीच्या एका इस्पितळात प्रसूतिकक्षाची परिचारिका होते. माहेर अकोल्याच्या जुन्या शहरातले, वडील वैदिक. लग्नानंतर दीड वर्षातच मला वैधव्य आले, तेव्हा वडिलांनी प्रथम मला संस्कृत शिकवले आणि पुढे आप्तांचा रोष पत्करून परिचारिकेच्या शिक्षणाला पाठवले. पहाटे स्तोत्रपाठ आणि दिवसभर बाळंतिणींची सेवा, असे माझे अठरा वर्षे चालले होते. या दोहोंत मला कधी अंतर वाटले नाही.

चैत्रातल्या एका दुपारी भातकुलीकडच्या खेड्यातून एका पहिलटकरणीला बैलगाडीत घालून आणले. सोबत तिची सासू होती. मूल जन्मले ते निळे पडलेले, निपचित. मी त्याच्या तोंडात फुंकर घातली, पाठ चोळली. काही वेळाने ते रडले. पण तेवढ्यात त्याच्या आईला रक्तस्राव सुरू झाला. डॉक्टरीणबाई पलीकडच्या खोलीत दुसऱ्या शस्त्रक्रियेत होत्या. असा स्राव मी पूर्वी कितीदा तरी आटोक्यात आणला होता. याही वेळी आणीन, या भरवशावर मी पोट दाबून धरून उभी राहिले आणि हाक मारायला दहा मिनिटे उशीर केला. डॉक्टरीणबाई धावत आल्या, शक्य ते सर्व केले; परंतु दिवस मावळण्याआधी ती मुलगी गेली. जेमतेम वीस वर्षांची होती. पुढे डॉक्टरीणबाई मला म्हणाल्या, "लवकर बोलावलं असतंत तरी वाचली असती असं नाही." त्यांनी हे दयेने म्हटले, हे मला कळत होते. पण वाचली नसती, असेही त्या म्हणाल्या नव्हत्या.

त्या दिवसापासून माझे हात कापू लागले. सुई टोचताना कापत, नाळ बांधताना कापत. पाठाला बसले की दुसऱ्या-तिसऱ्या श्लोकावर वाणी थांबे. ज्या हातांनी मी फूल वाहणार, ते हात डोळ्यांपुढे येत आणि फूल तबकातच राही. ते मूल जगले होते, याचा मला जणू विसरच पडला होता.

अशातच मेट्रनबाईंनी मला बोलावून दोन कागद पुढे ठेवले. एक नागपूरचा, प्रसूतिसेवेच्या उच्च प्रशिक्षणाचा. ते केले की उरलेले आयुष्य प्रसूतिकक्षातच, आणि नव्या मुलींना शिकवायचे. दुसरा मुंबईचा, रुग्णालयाच्या कारभाराच्या पदवीचा. तो केला की कचेरी, भांडार, कामाच्या पाळ्या लावणे. दोन्हींसाठी माझेच नाव गेले होते. मेट्रनबाई म्हणाल्या, "एकच घेता येईल. आठ दिवस घरी जाऊन या. शुक्रवारी संध्याकाळपर्यंत मला उत्तर हवं."

मी अकोल्याला गेले. वडील तेव्हा हयात नव्हते. थोरले बंधू वकिली करीत. जेवताना त्यांनी विषय काढला. "माई, मुंबईला जा. अठरा वर्षं परक्यांचं रक्त पुसलंस, आता खुर्चीवर बस. पंखा असतो म्हणे तिथे."

"पंख्यासाठी जाऊ का, दादा?"

"मग कशासाठी थांबतेस? हात बघ तुझे. आमटीची वाटी धरवत नाही तुला."

त्यांचे खरेच होते. कारभाराचे काम हलके आहे, असे मी तेव्हाही मानले नाही. कोणीतरी नीट कारभार पाहिल्यावाचून एकाही रुग्णाला वेळेवर औषध मिळत नाही. पण मी तिकडे सेवेसाठी निघाले नव्हते. जिथे कोणी माझ्या हातांत मरणार नाही, अशी जागा मी शोधत होते. आणि नागपूरला जावे, तर आणखी किती जणी माझ्या हातांत जाणार, हा विचार झोप लागू देत नसे. आठही दिवस मी देवघरासमोर बसून राहिले. देवीकडून काही आले नाही.

वडिलांनी शिकवलेल्या जुन्या आचारांत उपश्रुती नावाचा एक आचार होता. मनात प्रश्न धरून देवतेला नमस्कार करावा आणि त्यानंतर कानी पडणारे पहिले बोल हे तिचे उत्तर मानावे. अगदी अगतिक झाल्यावाचून हे करू नये, असे ते बजावीत. मी तशी अगतिक झाले होते. शुक्रवारी सकाळच्या गाडीने अमरावतीला परतले आणि इस्पितळात जाण्यापूर्वी देवीच्या देवळात गेले. पायरीवर डोके टेकवले, प्रश्न मनात धरला आणि रांगेत उभी राहिले. हातात केवळ फुले होती.

पुढच्या बाईने वळून माझ्या मोकळ्या कपाळाकडे पाहिले आणि म्हणाली, "ही ओटीची रांग आहे, बाई. तुम्ही बाजूनं दर्शन घ्या. इथं तुमचं काय काम?"

ती रागाने बोलली नव्हती. रीत सांगावी तशी बोलली. पण मला तो देवीचाच निवाडा वाटला. हे हात नकोत, असे तिने स्वमुखाने सांगितले, आणि मुंबईचा प्रश्नही त्यातच मिटला. मी बाजूला झाले आणि सभामंडपाच्या एका खांबाशी बसले. रडूही आले नाही. देवाने टाकलेला माणूस कसा असतो, ते मी त्या खांबापाशी बसून अनुभवले.

किती वेळ गेला, सांगता येत नाही. "दवाखान्यातल्या बाई ना तुमी?" असा आवाज आला. वर पाहिले तर ती सासू. खांद्याशी गुंडाळलेले मूल, दुसऱ्या हातात खण-नारळाची पिशवी. तीही विधवाच.

"सव्वा महिना झाला," ती माझ्याजवळ टेकत म्हणाली. "सुनेनं नवस केला होता, पोट्टं सुखरूप झालं की ओटी भरीन. ते तर गेली. आता तिच्या नावाची ओटी भरून द्याले कोणी सवाशीण तयार नाही. तीन जणींले इचारलं. मेलेलीच्या नावानं कोण हात लावंल म्हंतात." मग पिशवी माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "तुमी भरा. हे तुमच्या हातानं जित्तं झालं."

मला राहवले नाही. मी तिला सर्व सांगितले. दहा मिनिटे मी हाक मारली नाही, स्वतःवरच्या माझ्या फाजील भरवशापायी तुझी सून गेली, असे स्पष्ट शब्दांत सांगितले. तिने पिशवी उचलून निघून जावे, अशीच माझी तयारी होती.

तिने मुलाच्या अंगावरचे फडके सारखे केले. मग म्हणाली, "तुमी दहा मिंटाचं सांगून राहिल्या. मीनं तिले दोन दिवस घरात ठेवली. पोरगं म्हणे, गाडी जुंपतो. मी म्हटलं, थांब, आमाले काय लेकरं झाली नाही का घरी." ती पुढे म्हणाली, "हे मी पोराले बी नाही सांगतलं."

एकीने दुसरीला क्षमा केली, असे नाही. तो अधिकार आमचा नव्हताच. तिने मूल माझ्या मांडीवर दिले. अठरा वर्षांच्या सवयीने मी त्याची टाळू पाहिली, बेंबी पाहिली, ओठ उघडून जीभ पाहिली. जिभेवर पांढरा थर होता. "दूध कशानं पाजता?" मी विचारले. "बोळ्यानं." "बोळा उकळून घेता का?" तिने नकारार्थी मान हलवली. मग वाटी-चमचा कसा उकळायचा, दूध किती पातळ करायचे, हे मी तिला सांगू लागले, आणि बोलता बोलता ध्यानात आले, की मुलाच्या हनुवटीखाली धरलेला माझा हात स्थिर आहे.

आम्ही दोघी उठून रांगेत शिरलो. मघाची बाई पुढे सरकली होती; दुसरी कोणी तरी पुटपुटली, "आता दोघी दोघी आल्या." म्हातारीने मागे न पाहता उत्तर दिले, "देवीले तांदूळ पाहिजे माय, आपली कपाळं नाही पाहाची." एकदोघी हसल्या. गुरवाने मान वर न करता खण घेतला, नारळ घेतला. तांदूळ मी आणि तिने मिळून ओंजळीने घातले. त्या मुलीचे नाव म्हातारीने मोठ्याने घेतले. मला ते तोवर ठाऊक नव्हते.

संध्याकाळी मी मेट्रनबाईंना नागपूरचा कागद सही करून दिला. त्यांनी कारण विचारले नाही आणि मला सांगताही आले नसते. त्यानंतर बावीस वर्षे प्रसूतिकक्षात गेली. सगळ्याच वाचल्या, असे नाही. तशा प्रत्येक दिवशी मला मुंबईच्या त्या कागदाची आठवण होई आणि पुन्हा तोच काळोख दाटून येई. तो काळोख पुरता कधी गेला नाही. पण त्यात आपण एकट्या नाही, एवढे मला ठाऊक झाले होते.

त्या सकाळी मी देवीला शरण गेले आहे, अशी माझी समजूत होती. वास्तविक मी तिला प्रश्न घालून दिला होता, उत्तराची रीत घालून दिली होती, आणि माझ्या भीतीला जे ऐकायचे होते ते कानी पडताच उठून बाजूला झाले होते. शरणागती ती नव्हे. शरणागती बहुधा त्या म्हातारीची होती. आपला अपराध पदरात घेऊन, कोणी हात लावीना तरी नवस फेडायला आलेली ती बाई. ती कोठून नेमकी त्याच वेळी, नेमकी त्याच खांबापाशी आली, याचा विचार मी करीत नाही. मी या हातांतून सुटका मागितली होती. देवीने ती दिली नाही, यासाठी मी जन्मभर तिची ऋणी आहे.