आधी पाणी, मग लढाई

इकडे हिंदी मुलखातल्या आमच्या कॉलेजच्या कॅडेट मुलींची तुकडी अजून नवीकोरी आहे, पण किस्से विचाराल तर रिटायर्ड जनरलकडे नसतील एवढे! मी शिकवते बॉटनी, आणि या फौजेची ऑफिसरही मीच. कवायतीला साताऱ्याचे सुभेदार साळुंखे. आता बोला!

*

पहिल्याच सरावात सुभेदारांनी हुकूम सोडला, "अंगाला पानं-फांद्या बांधा आणि झुडपांत लपा." मुली उत्साहानं बोगनवेल बांधून आल्या, फुलांसकट! सुभेदार बघतच राहिले. म्हणाले, "ही लढाई आहे का मंगळागौर?"

*

मे महिन्याच्या कॅम्पमध्ये मुलांच्या तुकडीशी लुटुपुटूची लढाई झाली. टेकडीवर आमचा झेंडा, पहाऱ्यावर साकेत नगरची मुग्धा. मुलांचा लीडर राठौर घामाघूम होऊन आला. "दीदी, पानी मिलेगा?" मुग्धानं लाकडी रायफल ठेवली आणि पेला भरायला तंबूत गेली. परत येते तो झेंडा गायब!

"दारात आलेल्याला पाणी नको विचारायला?" ती रडत म्हणाली.

*

कॅम्पच्या कमांडंट साहेबांनी ऐकवलं, "अगली बार भी हारे, तो लड़कियाँ सिर्फ़ परेड करेंगी।" मला फार लागलं ते. मुली मुग्धावरच तोंडसुख घ्यायला लागल्या. तिनं टोपी काढून सुभेदारांपुढे ठेवली.

"टोपी घाल," सुभेदार म्हणाले आणि बाकीच्यांकडे वळले. "तिनं पाणी दिलं. तुम्ही कुठं होता?"

बाकीच्या सावलीत आंबे खात होत्या.

*

मग जो सराव सुरू झाला! रोज पहाटे, शाहपुरा तलावाकाठी. मुग्धा तर घरीही पहारा द्यायला लागली. एकदा वडील भाजीची पिशवी घेऊन आले.

"पासवर्ड?"

"अगं, मी तुझा बाप!"

"ते चालणार नाही, बाबा!"

पासवर्ड आठवेपर्यंत ते जिन्यात बसून होते.

*

पुढचा कॅम्प. ऑक्टोबरचं ऊन, तीच टेकडी, तीच मुलं. मुग्धानं वाटेवरच्या कडुलिंबाखाली माठ मांडला, वर स्टीलचे पेले.

"अगं, पुन्हा पाणी?" मी हबकलेच.

"मॅडम, या वेळी आम्ही सगळ्याजणी आहोत ना!"

मुलं चढून आली, माठ बघून हसली. "दीदी सुधरी नहीं!" म्हणत त्यांनी रायफली झाडाला टेकवल्या आणि पेले भरून घेतले. तेवढ्यात चहूबाजूंच्या झुडपांतून मुली उठल्या. फूल एकीच्याही अंगावर नव्हतं!

राठौर पेला तोंडाशी धरून थिजला. मग पेला खाली ठेवून हात वर करायला लागला.

"नहीं नहीं भैया," मुग्धा रायफल रोखून म्हणाली, "पहले पानी पी लो।"